खाडीच्या तोंडाशी

वेसाव्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत मढला लागते. मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, दप्तरे घेतलेली मुले, चित्रीकरणासाठी बंगल्यांकडे निघालेली माणसे सगळी एकाच बोटीत दाटीने उभी असतात आणि खाली कोणी फारसे बघत नाही. बघण्यासारखे पाणी मात्र तिथेच असते. आरेच्या डोंगरातून निघालेली ओशिवरा, राष्ट्रीय उद्यानातून उतरलेली पोईसर आणि गोरेगाव-मालाडकडचे कितीतरी नाले मालाडच्या खाडीला मिळतात, आणि ही खाडी मढ आणि वेसावे यांच्या मधून समुद्रात जाते. दिवसातून दोनदा समुद्र याच दाराने आत येतो. उपनगरांचे पाणी बाहेर पडायला आणि समुद्र आत शिरायला एकच वेळ गाठली, तर काय होते ते मी या धक्क्यावर उभी राहून पाहिले आहे. खाडी थबकते. पाणी पुढे जात नाही, मागेही फिरत नाही, नुसते चढत राहते.

त्या चढणाऱ्या पाण्याचा अंदाज आधी कसा बांधायचा हे शिकू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक आहे. उन्हाळी सुट्टीतले सात आठवडे हाताशी आहेत असे धरून त्यातली प्रकरणे रचली आहेत. मी बरीच वर्षे स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांना जलविज्ञान शिकवले, म्हणून प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले. मी ते हौसेने घेतले, कारण मी मढला राहते.

पावसाचा अंदाज आणि पाण्याचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. ‘उद्या मुंबईत मुसळधार पाऊस’ हा पहिला. दुसरा तिथून सुरू होतो. पडलेल्या पावसातले किती जमिनीत मुरेल, किती वाहील, वाहिलेले नाल्याला किती वेळात पोहोचेल, नाल्याच्या पोटात किती मावेल, तेव्हा खाडीची पातळी काय असेल, आणि या सगळ्याचा हिशेब होऊन मालाडच्या मालवणीतल्या एखाद्या चाळीच्या उंबरठ्याशी पाणी किती वाजता आणि किती वीत येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण एक चौरस किलोमीटरवर पडलेला एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर पडला, तर तेवढ्याच तुकड्यावर पाच कोटी लिटर. माती असेल तर त्यातले काही ती पिऊन घेते. काँक्रीट काहीच पीत नाही.

अशा अभ्यासासाठी उन्हाळ्यात विद्यार्थी एकत्र आणण्याची कल्पना अमेरिकेत चांगली रुजली आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा गावी, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात, अमेरिकेच्या हवामान खात्याचे राष्ट्रीय जलकेंद्र आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथे पहिल्यांदा वेगवेगळ्या विद्यापीठांतले चाळीसहून अधिक विद्यार्थी सात आठवड्यांसाठी जमले. टेक्सास विद्यापीठाचे डेव्हिड मेडमेंट हे त्या प्रयोगाचे प्रमुख होते, आणि विद्यापीठांची ‘क्वाहसी’ ही संस्था त्यामागे उभी होती. तोवर त्या देशात पुराचे अंदाज काही हजार ठरावीक ठिकाणांसाठी निघत. विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न असा होता की देशभरातल्या सुमारे २७ लाख नदी-ओढ्यांच्या तुकड्यांसाठी, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओहोळासाठी, अंदाज काढता येईल का. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, त्यांचे राष्ट्रीय जल-प्रारूप रोजच्या कामात आले. ते एकट्या विद्यार्थ्यांचे श्रेय अर्थातच नाही, त्यामागे अनेक शास्त्रज्ञांची वर्षे आहेत. तरी मला त्या कार्यक्रमाचे मोल वाटते ते एका साध्या गोष्टीसाठी. अंदाज काढणाऱ्या खात्याच्याच इमारतीत विद्यार्थी बसले. त्या खात्यातल्या माणसांच्या शेजारी बसून ते शिकले. आपल्याकडे प्रबंध एका ठिकाणी होतो आणि अंदाज दुसऱ्या ठिकाणी निघतो, आणि या दोघांची भेट बहुधा एखाद्या परिसंवादाच्या जेवणाच्या रांगेत होते.

पण टस्कलूसाचा आराखडा उचलून मुंबईत ठेवता येणार नाही. त्यांचा उन्हाळा जून-जुलैचा. आपल्याकडे ते महिने पावसाचे. मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि २०२५ मध्ये तर तो २६ मेलाच येऊन ठेपला. म्हणून या पुस्तकातला अभ्यासक्रम मेच्या मध्यावर सुरू होतो. पहिले तीन आठवडे कोरडे. त्यात नाल्याच्या काठाने चालायचे, पूल कुठे अरुंद झाला आहे ते पाहायचे, खाडीच्या कडेचे चिखल आणि तिवरे ओळखायची, पातळी मोजायची काठी रोवायची, प्रारूप मांडायचे. मग पाऊस येतो आणि तुमच्या मांडणीची परीक्षा घेतो. संगणकावर जुन्या पुराची आकडेमोड जुळवणे आणि उद्याच्या पुरासाठी आज रात्री आकडा लिहून देणे यात फार अंतर आहे. जुना पूर जुळवताना उत्तर माहीत असते. हात थरथरतो तो दुसऱ्या वेळी, आणि तो विद्यार्थिदशेतच एकदा थरथरलेला बरा.

मेच्या मध्याचा आणखी एक फायदा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मढच्या किनाऱ्यावर होड्या ओढून घेतलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला निघालेली असतात, बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या असतात, आणि ज्यांना या पाण्याची सगळ्यात जास्त माहिती आहे ती माणसे दिवसभर घरी असतात. त्यांच्याशी बोलायला विद्यार्थ्यांना याहून चांगले दोन महिने मिळणार नाहीत. त्यांच्याकडे काय शिकायचे ते थोडे पुढे सांगते.

२६ जुलै २००५ बद्दल लिहिल्याशिवाय मुंबईच्या पाण्यावरचे कोणतेही पुस्तक सुरू होऊ शकत नाही. त्या मंगळवारी मी अंधेरीत वर्गावर होते. फळ्यावर युनिट हायड्रोग्राफ काढला होता, म्हणजे ठरावीक पाऊस पडला की नदीचा प्रवाह कसा चढतो आणि कसा उतरतो त्याचा आलेख. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटर पाऊस झाला. त्या भागातली जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटी असेल तर. आणि त्याच दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याला, म्हणजे त्याच शहरात, त्याच चोवीस तासांत, सुमारे ७३. मी रात्रभर चालत, थांबत, अनोळखी माणसांचा हात धरत सकाळी घरी पोहोचले. वाटेत कमरेइतक्या पाण्यात उभी असताना फळ्यावरचा तो सुबक आलेख डोळ्यांपुढे येत होता. त्यात समुद्र कुठेच नव्हता. इतकी वर्षे मी मुलांना असा आलेख शिकवत होते ज्यात नदीचे पाणी शेवटी कुठेतरी बिनबोभाट निघून जाते.

त्या दिवसाने एक प्रश्न समोर ठेवला. शहराच्या एका टोकाला साडेनऊशे आणि दुसऱ्याला सत्तर-पंचाहत्तर असेल, तर ‘मुंबईतला पाऊस’ म्हणजे कोणता? तेव्हा हवामान खात्याच्या प्रमुख वेधशाळा दोनच, कुलाबा आणि सांताक्रूझ. पाण्याचा अंदाज करायचा तर पाऊस वस्तीवस्तीत मोजला पाहिजे हे तेव्हा सगळ्यांना कळले. राज्य सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि २००६ मध्ये तिचा अहवाल आला. पाण्याच्या प्रश्नावर चितळ्यांनी मराठीतून केलेले लेखन विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. क्लिष्ट विषय सोपा करून सांगताना तो उथळ होऊ द्यायचा नाही हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. त्याच २००६ च्या पावसाळ्यात पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक कपिल गुप्ता यांच्या पुढाकाराने महापालिकेने शहरात ३५ ठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांनी आकडा मिळू लागला. पाण्याच्या अंदाजाच्या दृष्टीने मुंबईचा खरा आरंभ मी तिथे धरते. ब्रिमस्टोवॅड या १९९३ च्या अहवालाने गटारांची ताकद तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितले होते, पाणी उपसणारी उदंचन केंद्रेही सुचवली होती. ती कामे पुढे टप्प्याटप्प्याने होत राहिली. त्यांची कहाणी दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आली आहे, तिथे वाचावी.

मोजण्याची परंपरा मात्र या शहरात फार जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, तरुणपणी याच वेधशाळेत काम करत होते. ठरलेल्या वेळेला उठायचे, उपकरण वाचायचे, आकडा वहीत लिहायचा, आणि हे पाऊस असो की ताप असो, चुकवायचे नाही. अपोलो बंदरावर भरतीची नोंद १८७८ पासून आहे. समुद्राची पातळी किती चढली यावर आज जगभर जे लिहिले जाते, त्यात या नोंदवहीला मान आहे. पुण्यातल्या खडकवासल्याचे जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ चे; बंदरे, खाड्या, धरणे यांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी कसे वागते ते तिथे पाहिले जाते. हा वारसा आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. त्यांना वाटते हे शास्त्र परदेशातून संगणकासोबत आले.

अंदाज चुकण्याचा वारसाही सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना मला वसंतराव गोवारीकरांविषयी आदर अधिकच वाटतो. सोळा घटकांवर आधारलेले त्यांचे मोसमी पावसाचे प्रारूप १९८८ पासून हवामान खाते वापरू लागले आणि बरीच वर्षे ते देशाच्या उपयोगी पडले. २००२ च्या दुष्काळाचा अंदाज त्याला देता आला नाही. तपासल्यावर दिसले की त्यातल्या काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाला होता. २००३ पासून नवे प्रारूप आले. हे उदाहरण या पुस्तकात पूर्ण प्रकरणभर आहे आणि ते तसेच हवे होते. निसर्गातला संबंध तुम्ही शोधलात तेव्हा खरा असतो आणि वीस वर्षांनी राहत नाही, हे ज्याला एकदा उमजले तो दर पावसाळ्यानंतर आपली आकडेमोड पुन्हा उघडून बघतो.

आज मुंबईत शिकायला साधने भरपूर आहेत. कुलाब्याचे रडार होतेच, २०२२ पासून वेरावलीचेही आहे. १२ जून २०२० ला ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचना यंत्रणा सुरू झाली; पावसाच्या अंदाजापासून ते पाणी कुठे साचेल, कोणाला धोका आहे इथपर्यंत तिचे सात भाग आहेत, आणि भरतीचा हिशेब त्यात धरला आहे. तिच्याआधी चेन्नईसाठी, तिथल्या २०१५ च्या पुरानंतर, अशी यंत्रणा उभी राहिली तेव्हा पवईच्या आयआयटीचा त्यात मोठा वाटा होता. प्राध्यापक सुबिमल घोष आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अलीकडे मुंबईच्या पुरासाठी संकेतस्थळ आणि अॅप काढले, त्यात पुढच्या तासातासाचा पावसाचा अंदाज असतो आणि आपल्या भागात किती पाणी साचले ते नागरिक स्वतः कळवू शकतात. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. रस्त्यावर पाणी किती आहे हे मोजणारे यंत्र प्रत्येक गल्लीत बसवता येत नाही. गल्लीत माणूस असतो. तो मिलिमीटर सांगत नाही, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत असे सांगतो. त्या शब्दांचा आकडा करणे हे सात आठवड्यांत पुरे होईल असे, सुंदर आणि अत्यंत गरजेचे काम आहे.

उलट, परदेशातून आयते घेतलेले काही नियम इथे जपून वापरावे लागतात. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी काढलेली एक युक्ती टस्कलूसाच्या विद्यार्थ्यांनीही वापरली. जमिनीचा प्रत्येक ठिपका जवळच्या ओढ्यापेक्षा किती उंच आहे ते काढायचे, मग ओढा दोन मीटर चढला की दोन मीटरच्या आतली सगळी जमीन बुडाली असे धरायचे. विस्तीर्ण नदीखोऱ्यात हे छान जमते. गोरेगाव-मालाडच्या पश्चिमेला कोणता ओढा जवळचा? जो होता तो झाकला गेला, जो दिसतो तो वळवलेला आहे, भराव टाकलेली जमीन नकाशातल्या जमिनीहून वेगळी आहे, आणि गटारातून पाणी कधी कधी उलटे वर येते. त्या युक्तीत इथे कुठे भर घालायची, यावरचे चौथे प्रकरण मला या पुस्तकात सर्वांत आवडले.

आता कोळीवाड्याकडे येते. मढचे डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. खुंटाला बांधलेले जाळे पाण्याच्या ओढीने फुगते, मासळी आपणहून आत येते. ओढ कमी असेल तर जाळे रिकामे. म्हणून इथल्या माणसाला उधाणाची मोठी भरती केव्हा आणि भांगाची छोटी भरती केव्हा हे पोटासाठी ठाऊक असावे लागते. त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणकी. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती पुरी. अष्टमीला आठ पाऊण सहा, सहा वाजता. ना वही लागते, ना पंचांगाशिवाय दुसरे काही.

मी विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवते, आणि मग त्यातली चूक शोधायला सांगते. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तासांनी सरकून पुन्हा मूळ जागी आली पाहिजे. बाराला पंधराने भागले तर एका तिथीमागे ४८ मिनिटे येतात. पाऊणकीत ४५ आहेत. अष्टमीपर्यंत ही तूट २४ मिनिटांची होते, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची. म्हणजे खरा गुणक चार पंचमांशाचा हवा. मग आपल्या वाडवडिलांनी पाऊणच का धरले? तोंडी करता येतो म्हणून. अर्ध्या-पाऊण तासाची चूक होडी काढणाऱ्याला चालते, उलट थोडे लवकर पोहोचलेलेच बरे. कोणासाठी आणि कशासाठी अंदाज करायचा हे आधी ठरवून, परवडेल तेवढीच अचूकता घेऊन, उरलेली किंमत सोपेपणावर खर्च केलेली आहे. मोठमोठ्या संगणकांवर काम करणाऱ्यांनाही रोज हाच सौदा करावा लागतो.

महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांचे वेळापत्रक काढते. तेही पाऊणकीसारखेच चंद्र-सूर्याकडे बघून केलेले असते, अधिक काटेकोर इतकेच. त्याला वारा ठाऊक नसतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो, आणि नैर्ऋत्येचा जोरकस वारा आणखी पाणी किनाऱ्यावर लोटतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले त्या दिवसाची नोंद घेऊन बसावे आणि वेळापत्रकातली पातळी व प्रत्यक्षातली पातळी शेजारी मांडावी. दोहोंमधले अंतर हा अभ्यासाचा विषय आहे.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या मावशी आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या फोनवर इशारा आला, मोठा, लाल. त्या मला विचारायला आल्या, “बाई, हे सगळ्या मुंबईला सांगितलंय का माझ्या घराला?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांना हवे होते ते एवढेच, की तांदळाचा डबा माळ्यावर चढवायचा का आणि किती वाजेपर्यंत. दोन वाक्यांचे उत्तर. ते देण्यासाठी रडार लागते, पर्जन्यमापक लागतात, नाल्याची रुंदी, खाडीची पातळी, वाऱ्याची दिशा लागते, आणि हे सगळे त्यांच्या भाषेत उतरवणारे कोणी लागते. पुस्तकातल्या शेवटच्या दोन प्रकरणांत विद्यार्थ्याने अंदाज मराठीत, हिंदीत, चार ओळींत लिहून एखाद्या घरात नेऊन वाचून दाखवावा असा स्वाध्याय आहे. कृपा करून तो वगळू नये. परीक्षक गुण देतील की नाही याची वाट पाहू नये.

ज्यांच्या हाती हे पुस्तक मेमध्ये पडेल त्यांनी सुरुवात पहिल्या प्रकरणापासून केलीच पाहिजे असे नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी वेसाव्याची बोट पकडून इकडे यावे, धक्क्याच्या एखाद्या पायरीवर खडूने खूण करावी आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठवर आले ते लिहीत पूर्ण एक भरती बसून काढावी. सहा तास लागतात. जवळ पाणी आणि टोपी ठेवावी. आज वैशाख पौर्णिमा आहे. पाऊणकीने सव्वाअकरा येतात, माझ्या हिशेबाने बारा. साडेदहा वाजून गेले आहेत, मी घड्याळ आणि वही घेऊन खाली धक्क्यावर निघाले आहे.

मढ